अपघातात अपंगत्व आलं म्हणून नोकरीवरून काढता येत नाही. कायदा काय सांगतो?

नागपूर : एसटीचा चालक, वीज कंपनीचा लाइनमन, कोळसा खाणीतला कामगार, जिल्हा परिषदेचा शिक्षक. अपघात झाला किंवा आजारानं डोळे, हात-पाय गेले की यांच्या घरी पहिला प्रश्न एकच असतो, आता नोकरीचं काय? बहुतेक वेळा साहेबच सांगतात, "तुम्हाला आता काम जमणार नाही, राजीनामा द्या, पोराला लावून घेऊ." आणि माणूस सही करून मोकळा होतो. ती सही करण्याआधी कायदा माहीत असला पाहिजे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. पूर्वी 1995 च्या कायद्यात 7 प्रकारचं अपंगत्व धरलं जाई, आता 21 प्रकार आहेत. सिकलसेल आणि थॅलेसेमियाही त्यात आले. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण किती घरांत आहेत हे सांगायला नको, पण हा आजार या कायद्यात बसतो हे त्यातल्या अनेकांना ठाऊकच नाही.

या कायद्याचं कलम 20 नीट लक्षात ठेवा. नोकरीत असताना कर्मचाऱ्याला अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसरं काम द्यायचं. तशी जागा रिकामी नसेल तर जादा पद तयार करून, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचं वय होईपर्यंत, त्याला त्यावर ठेवायचं. नुसतं अपंगत्वाच्या कारणावरून बढतीही अडवता येत नाही.

'सरकारी आस्थापना' म्हणजे फक्त तहसील किंवा कलेक्टर ऑफिस नव्हे. सरकारी कंपन्या, महामंडळं, स्थानिक स्वराज्य संस्था आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थाही त्यात येतात. म्हणजे एसटी महामंडळ आलं, महावितरण आलं, उमरेड-सावनेरकडच्या वेकोलिच्या खाणी आल्या, गावातली अनुदानित शाळासुद्धा आली. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांतल्या लढाऊ जागांना मात्र केंद्रानं 2021 मध्ये यातून सूट दिली आहे.

राजीनामा आधीच दिला असेल तर? पंजाबचं एक प्रकरण इथं कामाचं आहे. तिथल्या वीज मंडळाचा एक सहायक लाइनमन 1994 मध्ये पूर्ण आंधळा झाला. त्यानं स्वतःच निवृत्तीचा अर्ज दिला आणि आपल्या जागी बायकोला नोकरी मागितली. मंडळानं त्याची निवृत्ती मंजूर केली, बायकोला नोकरी काही दिली नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं 2008 मध्ये सांगितलं की हक्क माहीत नसलेल्या माणसाला त्याचे हक्क समजावून सांगणं हे अधिकाऱ्यांचं काम होतं. त्याला नोकरीत धरून सगळे लाभ देण्याचा आदेश झाला. वकिलाला सांगताना 'भगवान दास विरुद्ध पंजाब राज्य वीज मंडळ' एवढं नाव सांगितलं तरी पुरे.

ऑगस्ट 2025 मध्ये तेलंगणाच्या एसटी चालकाचा निकाल आला. रंगांधळेपणामुळे त्याला घरी बसवलं होतं. हा दोष वरच्या 21 प्रकारांत नाही. तरी महामंडळानं दुसरं काम शोधायलाच पाहिजे होतं, असं सुप्रीम कोर्ट म्हणालं. त्यात संघटनेनं महामंडळाशी केलेल्या जुन्या कराराचा मोठा आधार झाला. युनियनचे जुने कागद म्हणूनच जपून ठेवावे.

कामाच्या जागी रास्त सोय न देणं हाही कायद्यानं भेदभावच आहे. उतार, जमेल असं टेबल, तळमजल्यावर बसायची जागा, ही काही मेहेरबानी नाही.

बुटीबोरी-हिंगण्याच्या खासगी कंपन्यांचं चित्र थोडं कमजोर आहे, हे खरं सांगितलं पाहिजे. कलम 20 चं संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतं आहे. पण समान संधी धोरण तयार करून लावणं प्रत्येक आस्थापनेवर बंधनकारक आहे. 20 किंवा जास्त कामगार असतील तर दिव्यांगांसाठी एक संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. कंपनीला हे धोरण लेखी मागा. कामावरच अपघात झाला असेल तर ईएसआयसीचा अपंगत्व लाभ किंवा नुकसानभरपाई हा वेगळा हक्क आहे, तो सोडू नका.

तक्रार कुठं करायची? सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असावाच लागतो आणि त्यानं नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय दिव्यांग समिती. त्यावर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. त्यांना समन्स काढण्यासारखे दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत. कायदा मोडल्यास पहिल्यांदा 10 हजारांपर्यंत, पुन्हा मोडल्यास 50 हजार ते 5 लाखांपर्यंत दंड आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला मॅटच्या नागपूर खंडपीठातही जाता येते.

तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, यूडीआयडी कार्ड काढून ठेवा. आरक्षणासाठी 40 टक्के अपंगत्व लागते, पण कलम 20 मध्ये नोकरी टिकवण्यासाठी अशी टक्केवारी लिहिलेली नाही. वकिलाला द्यायला पैसे नसतील तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. दिव्यांगाला तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन नंबर 15100.