फ्री मोशन क्विल्टिंग : नवशिक्याचे शिक्षण आणि हस्तकौशल्याची बदलती व्याख्या

प्रस्तावना

यंत्र आले की हाताचे कौशल्य लयास जाते, हे विधान औद्योगिक इतिहासाच्या लेखनात गृहीतकासारखे वापरले जाते. हॅरी ब्रेव्हरमन यांनी 'लेबर अँड मोनोपोली कॅपिटल' (१९७४) या ग्रंथात भांडवली उत्पादनपद्धती श्रमिकाचे कौशल्य कसे हिरावून घेते याची मांडणी केली आणि या विचाराला सैद्धांतिक बळ मिळाले. तथापि, ती मांडणी प्रामुख्याने कारखाना व कार्यालय यांतील श्रमासंबंधी होती. घरात स्वतःच्या यंत्रावर बसलेल्या स्त्रीच्या बाबतीत ती कितपत लागू पडते, हा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेतील 'फ्री मोशन क्विल्टिंग' या तंत्राच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. हे तंत्र शिकताना नवशिक्याला नेमके काय शिकावे लागते, हा या विवेचनाचा मुख्य धागा आहे.

तंत्राचे स्वरूप

क्विल्टमध्ये तीन थर असतात : वरचे जोडकामाचे कापड, मधली कापसाची वा तत्सम भर आणि खालचे अस्तर. हे थर एकत्र बांधणारी शिवण म्हणजे क्विल्टिंग. आपल्याकडील गोधडीत हे काम धावदोऱ्याने होते. अमेरिकेतही ते दीर्घकाळ प्रामुख्याने हातानेच होत असे.

साध्या शिवणयंत्रात सुईखालचे दाते कापड पुढे सरकवतात. त्यामुळे टीप सरळ पडते आणि टाक्यांची लांबी सारखी राहते. फ्री मोशन पद्धतीत हे दाते खाली उतरवले किंवा झाकले जातात, नेहमीच्या फूटऐवजी रफूचा फूट लावला जातो आणि कापड दोन्ही हातांनी हव्या त्या दिशेला फिरवले जाते. सुईला वर-खाली नेण्याचे काम तेवढे यंत्राकडे उरते. टाक्याची दिशा व लांबी ठरवण्याचे काम पुन्हा माणसाच्या हाती येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

एलियास हौ यांना १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये शिवणयंत्राचे एकस्व मिळाले. दात्यांच्या चार हालचालींनी कापड सरकवणाऱ्या यंत्रणेचे एकस्व ॲलन विल्सन यांनी १८५४ मध्ये घेतले. सिंगर कंपनीने १८५६ मध्ये हप्त्यांची विक्रीपद्धती सुरू केल्यावर हे महागडे यंत्र मध्यमवर्गीय घरांत पोहोचू लागले. त्या काळातील काही क्विल्टवर यंत्राची टीप मुद्दाम दिसेल अशी घातलेली आढळते. यंत्र बाळगणे ही तेव्हा प्रतिष्ठेची बाब होती, हे त्यावरून लक्षात येते. विसाव्या शतकाच्या आरंभी सिंगर कंपनीने यंत्रावरील भरतकामाच्या शिक्षणपुस्तिकाही काढल्या. हाताने कापड फिरवून टीप घालण्याची कल्पना त्यामुळे अलीकडची म्हणता येत नाही.

याच सुमारास क्विल्टकडे राष्ट्रीय वारसा म्हणून पाहिले जाऊ लागले. मेरी वेब्स्टर यांचा क्विल्टविषयक ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वजांच्या साध्या जीवनाचे प्रतीक म्हणून हाताच्या टाक्याला नैतिक मूल्य चिकटले आणि यंत्राची टीप हलकी ठरली. या मूल्यनिर्णयातील विसंगती १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनानिमित्त सीअर्स कंपनीने घेतलेल्या राष्ट्रीय क्विल्ट स्पर्धेत दिसते. सुमारे २४,००० प्रवेशिका आलेल्या या स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळवणाऱ्या महिलेने ती क्विल्ट स्वतः शिवली नव्हती. ती इतर स्त्रियांकडून शिवून घेतली होती, हे पुढे संशोधकांनी दाखवून दिले. हाताच्या टाक्याचा गौरव झाला, मात्र ज्यांचे हात राबले त्यांची नावे पडद्याआड राहिली.

नवशिक्याचे शिक्षण

या तंत्राची तुलना लेखनाशी करता येते. लेखनात कागद स्थिर व लेखणी चल असते. येथे लेखणी जागची हलत नाही, कागद फिरवावा लागतो. त्यामुळे शिकणाऱ्याला आधी कागदावर पेन्सिल न उचलता वळणे गिरवण्याचा सराव दिला जातो. त्यानंतर तीन थरांच्या लहान चौकोनावर, एकमेकांना न छेदणारी नागमोडी रेघ काढण्यापासून आरंभ होतो.

खरी अडचण वेगाची असते. हात भरभर फिरला आणि यंत्र संथ चालले तर टाके लांब पडतात. यंत्र वेगात आणि हात संथ असला तर टाके एकावर एक साचतात. वळणावर हात झटकन वळला की खालचा दोरा ओढला जाऊन अस्तरावर ताठ रेषेत दिसू लागतो. ही चूक वरून दिसत नाही, कापड उलटल्यावर कळते. नजर सुईवर न ठेवता ती पुढे जेथे जायची आहे तेथे ठेवावी लागते. पाय, हात व डोळा यांची ही लय सूचना वाचून येत नाही. तिला सवयच लागते.

इंग्लिश अभ्यासक डेव्हिड पाय यांनी 'द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप' (१९६८) या ग्रंथात कारागिरीचे दोन प्रकार मांडले : परिणाम आधीच निश्चित असलेली आणि प्रत्येक क्षणी बिघडण्याची जोखीम असलेली. दाते कार्यरत असताना शिवणयंत्र पहिल्या प्रकाराकडे झुकते. ते उतरवताच तेच यंत्र दुसऱ्या प्रकारात मोडते.

मान्यतेचा संघर्ष

न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ मध्ये क्विल्टचे प्रदर्शन भरवल्यानंतर या कलेला नवी प्रतिष्ठा लाभली. तथापि, स्पर्धांतील सर्वोच्च मान हातकामाकडेच राहिला. केंटकी राज्यातील पडूका येथे १९८९ मध्ये अमेरिकन क्विल्टर्स सोसायटीच्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या 'करोना टू : सोलर एक्लिप्स' या क्विल्टला सर्वोत्कृष्ट पारितोषिक मिळाले. यंत्राने क्विल्टिंग केलेल्या कृतीला तेथे हा मान प्रथमच मिळाला आणि त्यावरून वादही झाला. याच सुमारास हॅरिएट हारग्रेव्ह यांचे 'एअरलूम मशीन क्विल्टिंग' हे पुस्तक निघाले. त्यात पारदर्शक नायलॉन दोऱ्याचा वापर शिकवला होता. त्यामुळे यंत्राची टीप हाताच्या टाक्याच्या जवळ जाणारी दिसे. मान्यता मिळवताना यंत्राला काही काळ हाताचे रूप घ्यावे लागले, असे यावरून म्हणता येते.

निष्कर्ष

कौशल्यऱ्हासाचा सिद्धांत येथे खोटा ठरत नाही. त्याची मर्यादा स्पष्ट होते. यंत्राचा कोणता भाग चालू ठेवायचा आणि कोणता बंद करायचा, हे वापरणाऱ्याच्या स्वाधीन असेल तर यंत्रासमवेत नवे कौशल्य जन्म घेऊ शकते. कारखान्यातील श्रमिकाला हे स्वातंत्र्य क्वचितच मिळाले. घरातील स्त्रीला ते मिळाले, मात्र तिच्या कौशल्याचे मोल ठरवण्याचा अधिकार बराच काळ परीक्षक व संग्राहक यांच्याकडे राहिला. स्त्रियांच्या घरगुती श्रमाचा इतिहास लिहिताना साधन कोणते होते याची नोंद पुरेशी नाही. ते शिकायला किती सराव लागला आणि त्याला कौशल्य म्हणण्याचा अधिकार कोणाकडे होता, याचीही नोंद झाली पाहिजे.