मोंडियाल : एका विस्मृत कारखान्याचा वारसा

इटालियन मोटारसायकल म्हटले की डुकाटी आठवते. मोंडियाल हे नाव फारसे कोणी घेत नाही. तरीही 125 सीसी गटातील पहिली तीन जागतिक विजेतेपदे, 1949 ते 1951, याच छोट्या कारखान्याच्या गाड्यांनी मिळवली.

त्यामागे अल्फोन्सो द्रुसियानी या अभियंत्याची रचना होती. लहान इंजिनातून अधिक शक्ती हवी असेल, तर ते अधिक वेगाने फिरवावे लागते. परंतु फेऱ्या दुप्पट झाल्या की झडपांच्या हलत्या भागांवरील जडत्वबल चौपट होते आणि स्प्रिंगला झडप वेळेवर मिटवता येत नाही. द्रुसियानींनी दोन कॅमशाफ्ट थेट सिलिंडरच्या माथ्यावर बसवले. मधले लांब दांडे गेले, हलते वस्तुमान घटले आणि इंजिनाला अधिक वेग पेलता आला.

1957 मध्ये मोंडियालने 125 आणि 250 सीसी ही दोन्ही विजेतेपदे जिंकली. त्याच वर्षअखेरीस गिलेरा आणि मोटो गुझ्झी यांच्यासह शर्यतींतून माघारही घेतली. स्वस्त छोट्या मोटारींमुळे दुचाकींची मागणी ओसरत होती आणि शर्यतींचा खर्च परवडेनासा झाला होता.

ज्ञान मात्र थांबले नाही. मोंडियालमध्ये काम केलेले फाबिओ ताल्योनी 1954 मध्येच डुकाटीत गेले होते आणि पुढे त्यांनीच डुकाटीची इंजिने घडवली. सोइचिरो होंडा यांनी मोंडियालची 125 सीसी शर्यतगाडी मिळवून अभ्यासली. 1961 मध्ये होंडा कंपनीने तीच दोन विजेतेपदे पटकावली. ती इटालियन गाडी आज मोतेगी येथील होंडाच्या संग्रहालयात आदराने जपलेली आहे.