एका पत्राची हकीकत

रशियन कादंबऱ्यांची गोडी आपल्याकडील सुशिक्षित वाचकांस लागली ती बहुतांशीं इंग्रजी भाषांतरांच्या द्वारें. गोगोल, टर्जेनेव्ह, डोस्टोव्हस्की हे ग्रंथकार आपल्या कपाटांत शेजारीं शेजारीं उभे असतात, व ते एकाच माळेचे मणी आहेत असें आपण सहज धरून चालतों. परंतु त्या माळेचा दोरा कोणता, याचा विचार क्वचितच होतो. आमच्या मतें त्या दोऱ्याचा एक पदर म्हणजे एक पत्र होय. छापण्यास बंदी असल्यामुळें तें हातानें उतरून घेतलें जाई, आणि तें वाचून दाखविल्याबद्दल एका थोर लेखकास वधस्थानीं उभें राहावें लागलें. त्या पत्राची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

निकोलाय गोगोल याची 'मृत आत्मे' ही कादंबरी १८४२ सालीं प्रसिद्ध झाली. त्या काळीं रशियांतील जमीनदाराची श्रीमंती त्याच्या पदरीं भूदास किती यावर मोजीत, आणि भूदासांची गणती 'आत्मे' या शब्दानें करीत. दोन शिरगणत्यांच्या मधल्या काळांत जे भूदास मरत त्यांचीं नांवें सरकारी दप्तरांत तशींच राहत, व त्यांचा कर धन्यास भरावा लागे. कादंबरीचा नायक चिचिकोव्ह असले मेलेले आत्मे अल्प किंमतीस विकत घेत हिंडतो. कागदोपत्रीं त्यांस जिवंत दाखवून त्यांच्या तारणावर कर्ज काढावें, हा त्याचा बेत. आत्मा अमर असतां तो मृत कसा, असा मॉस्कोच्या सेन्सॉरांनीं आक्षेप घेतला! अखेर नांवास जोड देऊन पीटर्सबर्ग येथें परवानगी मिळाली. अनेक वाचकांनीं मात्र यांत भूदासपद्धतीवर धरलेला आरसाच पाहिला.

ज्यानें हा आरसा धरला त्यानेंच १८४७ च्या आरंभीं 'मित्रांशीं झालेल्या पत्रव्यवहारांतील निवडक उतारे' हें पुस्तक बाहेर आणिलें. त्यांत झारची सत्ता, धर्मपीठ व भूदासपद्धति यांचें समर्थन होतें. ईश्वरानेंच आपणांस धनी केलें आहे, असें जमीनदारानें भूदासांस समजावून सांगावें, असा उपदेशही होता. गोगोलची कीर्ति वाढविण्यास ज्यानें आपली लेखणी झिजविली होती तो टीकाकार बेलिन्स्की हें वाचून पेटून उठला. तो या वेळीं क्षयानें जर्जर होऊन सायलेशियांतील झाल्ट्सब्रुन येथें हवापालटास गेला होता. रशियन टपालखात्याचा डोळा तेथें पोंचत नव्हता. त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत त्यानें गोगोलला तें प्रसिद्ध पत्र लिहिलें. देशाला हवीं आहेत तीं प्रवचनें नव्हेत, तर माणुसकीची जाणीव आणि न्यायाचे कायदे, हा त्याचा मथितार्थ. जेथें लोकसभा नाहीं, मोकळें वर्तमानपत्र नाहीं, तेथें लोक लेखकाकडेच आपला कैवारी म्हणून पाहतात. त्यानेंच पाठ फिरविली तर त्यांनीं जावें कोणाकडे? गोगोलनें प्रथम लांबलचक उत्तर लिहिलें, तें फाडून टाकिलें, आणि पत्रांत कांहीं सत्य असेलही, अशा नम्र चार ओळी पाठविल्या.

पुढील वर्षीं बेलिन्स्की वारला. पत्र मात्र हस्तलिखित प्रतींच्या रूपानें रशियाभर पसरलें. 'गरीब माणसें' या आपल्या पहिल्याच कादंबरीमुळें बेलिन्स्कीच्या कौतुकास पात्र झालेल्या फ्योडोर डोस्टोव्हस्कीनें १८४९ च्या एप्रिलांत पेट्राशेव्हस्कीच्या घरच्या बैठकींत तें वाचून दाखविलें. थोड्याच दिवसांत सर्व मंडळींस पकडण्यांत आलें. डोस्टोव्हस्कीवरील आरोपांत या पत्राचा स्पष्ट निर्देश होता. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणें २२ डिसेंबर रोजीं त्यांस पीटर्सबर्गच्या चौकांत नेऊन देहांताची शिक्षा वाचून दाखविली. पहिल्या तिघांस खांबांस बांधिलें, बंदुका रोखल्या. डोस्टोव्हस्की पुढच्या तिघांत होता. त्या क्षणीं झारची 'दया' जाहीर झाली! सारा देखावा आधींच ठरलेला होता. खांबास बांधलेल्यांपैकीं एकाची बुद्धि कायमची भ्रमिष्ट झाली. अठ्ठावीस वर्षांचा डोस्टोव्हस्की चार वर्षांच्या सक्तमजुरीसाठीं सैबेरियांत गेला.

बेलिन्स्कीचा स्नेही टर्जेनेव्ह हाही १८४७ च्या उन्हाळ्यांत झाल्ट्सब्रुन येथें होता. एका सभ्य, सुसंस्कृत जमीनदाराची क्रूरता दाखविणाऱ्या त्याच्या 'कारभारी' या कथेखालीं त्या गांवाचें नांव व तो महिना आजही वाचावयास मिळतो. १८५२ सालीं गोगोल वारला तेव्हां टर्जेनेव्हनें लिहिलेला मृत्युलेख पीटर्सबर्गच्या सेन्सॉरनें अडविला. तो मॉस्कोस छापून आणिल्याबद्दल त्यास महिनाभर अटकेंत ठेवून नंतर त्याच्या गांवीं स्थानबद्ध करण्यांत आलें. त्याच वर्षीं 'शिकाऱ्याचीं टिपणें' पुस्तकरूपानें निघालीं, आणि त्यांस परवानगी देणाऱ्या सेन्सॉरची नोकरी गेली. भूदासांस मुक्ति मिळाली ती १८६१ सालीं.

छळानेंच वाङ्मय फुलतें, असा धडा यांतून कोणीं काढूं नये. छळानें माणसें मोडतात. शिवाय डोस्टोव्हस्की पुढें झार व धर्मपीठ यांचाच पुरस्कर्ता बनून बेलिन्स्कीची कडक निंदा करूं लागला. टर्जेनेव्ह मात्र १८८३ सालीं, त्याच्या इच्छेस अनुसरून, बेलिन्स्की जेथें चिरनिद्रा घेत आहे त्याच व्होल्कोवो दफनभूमींत विसावला. असे हे दोघे शेवटीं दोन वाटांनीं गेले.

मग हें पत्र टिकलें कोणाच्या बळावर? इव्हान अक्साकोव्ह हा बेलिन्स्कीच्या विरुद्ध पक्षाचा. पण १८५६ सालीं त्यानेंच लिहून ठेविलें आहे कीं, प्रांतिक शहरांच्या शाळांतील शिक्षकांस हें पत्र तोंडपाठ असे. शिक्षकाच्या पेशांतच आयुष्य घालविलेल्या आम्हांस ही साक्ष वाचून अभिमान वाटला, आणि थोडी लाजही वाटली. अटकेचें भय असतां दिव्याच्या उजेडांत एकेक ओळ उतरून घेणाऱ्या त्या निनावी मंडळींनीं वाचनाची केवढी किंमत मोजण्याची तयारी ठेविली होती! तींच पुस्तकें आज आपणांस विनासायास मिळतात. तीं उघडतांना त्या शिक्षकांची आठवण ठेवावी, एवढीच वाचकांस विनंति आहे.