घाटातले चाक: मोठे केले की ओझे हलके होते का?

१/ महाड आणि पोलादपूरच्या परिसरातून तीन घाटवाटा निघतात. भोरकडे चढणारा वरंधा, महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी आणि खेडकडे नेणारा कशेडी. औद्योगिक वसाहतीचा माल वाहणाऱ्या पिकअप गाड्या याच परिसरात फिरतात आणि मागे ट्रेलर जोडून, हौद्यात तंबू टाकून घाटमाथ्यावर मुक्कामाला जाणाऱ्या हौशी गाड्याही याच वाटा चढतात. अशा गाडीला मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवावेत का, हा आजच्या गॅरेजमधला प्रश्न. मात्र तो मोटारीच्या आधीचा आहे. सह्याद्रीने तो बैलगाडीला विचारला होता. त्या उत्तराचा हा धागा. 🧵

२/ आरंभ चाकाविना करावा लागतो. जावळीच्या खोऱ्यात आणि रायगडाच्या परिसरात शिवकाळी वाहतूक चालत असे ती माणसाच्या डोक्यावरून, पालखीतून आणि बैलाच्या पाठीवरून. १६५९ मध्ये अफजलखानाचे सैन्य वाईहून पारकडे उतरले. त्या बाजूच्या एका वाटेचे नावच 'रडतोंडी' आहे. ज्या डोंगरात रिकाम्या माणसाची ही अवस्था, तिथे गाडा नेण्याचा विचारच कोणी करत नसे. चाकाला आधी रस्ता लागतो आणि रस्ता नसणे हेच त्या काळी या मुलखाचे संरक्षण होते.

३/ तरीही व्यापार थांबला नव्हता. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबते आणि होड्या सावित्री नदीतून महाडपर्यंत येत. तिथे माल उतरे आणि बैलांच्या पाठीवर चढे. मीठ वर जाई, धान्य खाली येई. वंजाऱ्यांच्या तांड्यातला बैल अरुंद पायवाटेवर आपला तोल आपण सांभाळी. पण एका पाठीवर मावेल ते दोन गोण्यांचे ओझे. माल वाढला की बैल वाढत, बैल वाढले की वैरण आणि माणसे वाढत.

४/ घाटावरच्या सपाट देशावर गाडे होते, परंतु ते शेतातल्या कामापुरते. फळ्या जोडून केलेली भरीव, बोजड चाके आणि ती ओढायला अनेक बैल. गाड्याच्या स्वतःच्या वजनातच बैलांची निम्मी शक्ती खर्ची पडे. लांबच्या व्यापाराला असा गाडा निरुपयोगी होता. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीही दख्खनचा बराचसा व्यापार पाठीवरच चालत होता.

५/ बदल दोन टोकांकडून आला. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. पुढे त्याच दशकात, इंदापूर भागात जमिनीची नवी पैमाईश सुरू असताना, लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याने सोलापूरकडच्या टेंभुर्णी येथे सुधारित बैलगाडी घडवून घेण्याचा उद्योग उभा केला. आऱ्यांच्या हलक्या चाकांची ही गाडी एका बैलजोडीला ओढता येई. रस्ता आणि चाक, दोन्ही एकाच दशकात आले. एकावाचून दुसरे व्यर्थ ठरले असते.

६/ गावच्या सुताराने घडवलेले हे चाक नीट पाहण्यासारखे असते. मधोमध तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेला लाकडी घेर आणि त्यावर लोखंडाची 'धाव'. लोहार धाव लालबुंद तापवून चाकावर चढवी आणि लगेच पाणी ओते. लोखंड आकसे आणि सारे सांधे आवळले जात. चाकाची उंची बहुधा माणसाच्या छातीच्या आसपास. एवढे उंच चाक कशासाठी?

७/ उत्तर गणितात आहे. वाटेत १० सेंटीमीटर उंचीचा दगड आडवा आला आहे असे समजा. चाकाची त्रिज्या ३० सेंटीमीटर असेल, तर ते दगडावर चढवण्यासाठी चाकावरील भाराच्या सुमारे १.१२ पट आडवी ओढ लागते. त्रिज्या ६० सेंटीमीटर केली, तर तीच ओढ ०.६६ पटीवर येते. म्हणजे जवळजवळ ४० टक्के बचत. खाचखळग्यांच्या वाटेवर उंच चाक ही चैन नव्हती. बैलाच्या मानेवरचा भार त्यामुळे प्रत्यक्ष कमी होत होता.

८/ याच सुमारास फ्रान्समध्ये या विषयावर विद्वानांचा वाद रंगला होता. आर्थर मोरँ यांचे प्रयोग सांगत होते की चाकाची त्रिज्या दुप्पट केली तर घरंगळण्यातला विरोध निम्मा होतो. ज्यूल द्युप्वी यांचे म्हणणे असे, की लाभ इतका मोठा नसतो. विरोध त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. दोघांच्या मते मोठे चाक श्रेष्ठच. मतभेद होता तो लाभ किती, एवढ्यापुरता. मात्र हा सारा हिशेब सपाट रस्त्याचा होता.

९/ घाटाचा हिशेब वेगळा आहे. वीस फूट पुढे गेल्यावर एक फूट उंची गाठणारा चढ घ्या. त्यावर १००० किलो वजन वर न्यायचे तर केवळ चढापोटी सुमारे ५० किलोची ओढ लागते. चाक दोन फुटांचे असो वा पाच फुटांचे, हा आकडा बदलत नाही. उंच चाक दगडावर मात करते, चढावर नाही. चढाचे देणे ओढणाऱ्यालाच फेडावे लागते, मग तो बैल असो वा इंजिन. या धाग्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच.

१०/ म्हणूनच घाटातली खरी सुधारणा चाकात न होता रस्त्यात झाली. पोलादपूर ते महाबळेश्वर हा आंबेनळीचा रस्ता १८७० च्या दशकात तयार झाला. गव्हर्नर सेमूर फिट्झजेराल्ड यांच्या नावावरून त्याला फिट्झजेराल्ड घाट म्हणत. जुनी पायवाट डोंगराला सरळ भिडे. नव्या रस्त्याने वळणावळणांनी अंतर वाढवले आणि चढ सौम्य केला. अंतर वाढले, पण तीच बैलजोडी आता भरलेली गाडी घेऊन माथा गाठू शकली. जिथे चढ तरीही भारी पडे, तिथे पुढे आणखी एक जोडी जुंपणे हाच उपाय.

११/ उताराची गोष्ट चढाहून गंभीर. चढावर दमलेला बैल थांबतो. उतारावर थांबू पाहणाऱ्या बैलाला मागचे ओझे पुढे ढकलते. सहज घरंगळणारे चाक इथे वैरी ठरते. गाडीवान मागच्या बाजूने दोर धरत, चाक बांधून ते फरफटत नेत, थांबायचे झाल्यास चाकाखाली दगड सरकवत. चाक जितके सुलभ फिरणारे, तितका ते रोखण्याचा बंदोबस्त पक्का हवा, हा धडा घाटाने मोटारीच्या आधीच दिला होता.

१२/ उंचीनंतर रुंदी. अरुंद लोखंडी धाव सारे वजन बोटभर पट्टीवर आणते आणि खडीचा रस्ता कापत जाते. इंग्लंडने १७५३ मध्ये कायदा करून हमरस्त्यांवरच्या जड गाड्यांना किमान ९ इंच रुंदीची चाके सक्तीची केली होती. भारतात मोटारी आल्यावर हा तंटा तीव्र झाला. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. पुढे पेट्रोलवरील करातून रस्त्यांसाठी निधी उभा राहिला. धावेने होणारी झीज हा अभियंत्यांच्या चर्चेतला नेहमीचा विषय होता. पण रुंद चाक जड आणि महाग. रस्ता सरकारचा, चाक मात्र शेतकऱ्याच्या खर्चाने. तो अरुंद धावच निवडणार, हे स्वाभाविक होते.

१३/ या कोंडीवरचा तोडगा हवेत सापडला. रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्येच हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले होते. परंतु तेव्हा त्याला बाजार मिळाला नाही. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने सायकलसाठी तीच कल्पना पुन्हा शोधली आणि ती जगभर पसरली. हवेचे चाक दगडावर चढण्याऐवजी त्या दगडाला काही अंशी पोटात घेते. शिवाय ते जमिनीला टेकते तिथे पसरते. उंची आणि रुंदी, या दोन्हींचे काम हवेने एकत्र केले.

१४/ विसाव्या शतकात रबरी टायरची बैलगाडी महाराष्ट्रातही आली. ऊस वाहणाऱ्या कारखान्यांच्या परिसरात ती विशेष रुळली. सपाट डांबरी रस्त्यावर बैलाचे श्रम घटले, पण त्याचाच आधार घेऊन गाडीत अधिक माल भरला जाऊ लागला. वाचलेली शक्ती बैलाच्या वाट्याला न येता मालाच्या वाट्याला गेली. आणि एक तुटलेपण आले. लाकडी चाक गावातला सुतार आणि लोहार दुरुस्त करत. टायरसाठी शहराकडे पाहावे लागले.

१५/ आता एक विलक्षण गोष्ट पाहा. चाक प्रगत झाले, पण आकाराने लहान झाले. १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी जोडणी सुरू केलेल्या विलीज जीपचे टायर ६.०० गुणिले १६ मापाचे होते. ६ इंच रुंद, १६ इंची रिमवर चढणारे. पूर्ण उंची जेमतेम अडीच फूट. अशी जीप मागे ट्रेलर ओढत कच्च्या वाटा तुडवत असे. बैलगाडीच्या चाकाहून कितीतरी ठेंगणे चाक हे करू शकले, कारण त्यात हवा होती आणि पुढे चार चाकांना ताकद देणारे गिअर होते.

१६/ हवेचे महत्त्व वाळवंटात सिद्ध झाले. ब्रिटिश लष्करातील अभियंता राल्फ बॅगनोल्ड याने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लिबियाच्या वाळूच्या टेकड्या मोटारींनी ओलांडल्या. रुंद टायर आणि वाळूत शिरताना टायरमधली हवा कमी करणे, हे त्याच्या पद्धतीचे अंग होते. १९४० मध्ये त्याने उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपने तीच पद्धत युद्धात वापरली. मऊ जमिनीवर पकड हवी असेल, तर नवा टायर घेण्याआधी जुन्यातली हवा तपासावी, असा याचा व्यवहारी अर्थ. पक्क्या रस्त्यावर परतताच ती पुन्हा भरावी लागते. ओझ्याखाली कमी हवेचा टायर तापतो आणि फुटतो.

१७/ या पार्श्वभूमीवर आजचा हिशेब. २४५/७० आर १६ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर. त्याजागी २६५/७० आर १६ घातला तर व्यास ७७७ मिलिमीटर. गाडी जमिनीपासून उचलली जाते ती फरकाच्या निम्म्याने, म्हणजे केवळ १४ मिलिमीटर. वेगदर्शक काटा ६० दाखवेल, तेव्हा खरा वेग ६२ च्या पुढे असेल. आणि इंजिनाने चाकाला दिलेली तीच ताकद जमिनीवर सुमारे साडेतीन टक्क्यांनी कमी भरेल. वरंध्याचा चढ तसाच आहे, ट्रेलरही तोच आहे, ओढ तेवढी घटली.

१८/ ब्रेकचे गणितही तेच. ब्रेकची तबकडी मूळ मापाची राहते, चाकाची त्रिज्या वाढते. म्हणून तेवढ्याच दाबाला जमिनीवरचा रोध तितकाच घटतो. मोठा टायर वजनानेही जड, त्यामुळे त्याचे फिरणे थांबवायला अधिक श्रम. सपाटीवर हा फरक जाणवणारही नाही. आंबेनळीच्या पावसाळी उतारावर, मागे भरलेला ट्रेलर असताना, तो जाणवतो. खालच्या गिअरने गाडी रोखण्याची शक्तीही त्याच प्रमाणात उणावते.

१९/ आकाराचा आणि भारवहनाचा थेट संबंध नाही, हेही ध्यानात ठेवावे. टायरच्या बाजूवर एक आकडा छापलेला असतो. ११२ म्हणजे त्या टायरची कमाल क्षमता ११२० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. रुंद, देखणा टायर मूळ टायरपेक्षा कमी भाराचा असू शकतो. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ गाडीत परस्पर बदल करण्यास आळा घालते. निर्मात्याने ठरवलेली मूळ रचना बदलता येणार नाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केला.

२०/ मग मोठे टायर कधीच नकोत का? तसे नाही. वाट दगडांची असेल, चिखलाची असेल, वेग कमी असेल, तर निर्मात्याने मान्य केलेल्या मापांतले मोठे माप उपयोगाचे. हेच उंच चाकाच्या बैलगाडीने सिद्ध केले होते. पण पक्क्या घाटरस्त्यावर ओझे ओढायचे असेल, तर टायरची भारक्षमता, योग्य हवा, निरोगी ब्रेक आणि बेताचा माल हे चार घटक आकाराच्या आधी येतात.

२१/ तांड्यातल्या बैलापासून पिकअपपर्यंत या घाटांनी एकच हिशेब मागितला. चाक दगड सोपा करते. रस्ता चढ सोपा करतो. उरलेले ओझे कोणाच्या तरी मानेवर राहतेच. पूर्वी ती मान दिसत असे, घामाने भिजलेली, जोखडाखाली वाकलेली. आज ती इंजिनाच्या टोपणाखाली आणि ब्रेकच्या पत्र्यामागे झाकली गेली आहे. टायर निवडताना तिची आठवण ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे. (धागा समाप्त)