फियाटचा फुटका सायलेन्सर

मंडळी, आपल्या भालकीत एखाद्याची फियाट दारात यायच्या आधी तिचा आवाज गल्लीत यायचा. सायलेन्सर फुटलेला! ही वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर कंपनीची, कुर्ल्यात बनणारी गाडी. १९७४ पासून नाव पद्मिनी, लोकांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत फियाटच. नव्या गाडीला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून जुनीच जपायची.

पेट्रोल जळताना पाण्याची वाफही होते. बीदर-उदगीरला जाऊन आलं तर नळी तापून आतलं पाणी सुकतं. घर ते बाजार एवढंच फिरलं तर ते साचतं नि पत्रा आतून गंजतो. म्हणजे कमी चालणारी गाडीच आधी फुटायची, बघा!

मिस्त्री पत्र्याचं ठिगळ लावून गॅसचा डाग द्यायचे. दोन-तीनदा जमायचं, मग म्हणायचे, "मालक, पत्रा कागद झालाय, डाग कशावर देऊ?" तरी नव्याला हैदराबादला निरोप धाडायला सहा महिने लागत. लाज आवाजाची वाटे, धुराची भीती कुणालाच नव्हती. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंडीत काचा लावून निघालं की मागं बसलेल्या पोरांचं डोकं दुखायचं, मळमळायचं. मोठी माणसं म्हणायची, गाडी लागली.