सहा महिन्यांची कोठडी ते एक फाइल: कुत्र्याच्या पासपोर्टची गोष्ट

आयटीत काम करणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांच्या कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज येतोच. "जर्मनीची ऑफर आलीय. कुत्र्याला न्यायला काय काय लागतं?" मग खाली उत्तरांची रांग लागते. चिप, लस, टायटर टेस्ट, हेल्थ सर्टिफिकेट, एनओसी. कोणी एजंटचा नंबर टाकतं, कोणी नुसतंच "डोक्याला ताप आहे रे" म्हणतं. पण हे कागद याच क्रमाने का लागतात, हे कोणी विचारत नाही. आज तेच बघूया. कारण या फाइलमधल्या एकेका कागदामागे कुणाची तरी भीती आहे, आणि ती भीती समजली की तारखांचं गणित पाठ करावं लागत नाही.

गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. तेव्हा तिथे पिसाळलेल्या कुत्र्यांची दहशत होती. लुई पाश्चरने १८८५ मध्ये जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस दिली आणि तो वाचला. पण ती लस चावा झाल्यानंतर माणसाला द्यायची. हिंदुस्थानात कुत्रा चावलेल्या गोऱ्या साहेबांना तर त्यासाठी थेट पॅरिसला पाठवत. १९०० मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली, तेव्हा कुठे इथे सोय झाली.

ब्रिटनने मात्र रोगाचं मूळच तोडायचं ठरवलं. वॉल्टर लाँग नावाच्या मंत्र्याने १८९७ पासून कुत्र्यांच्या तोंडाला मुसकी बांधायची सक्ती कडक केली. कुत्रेवाले भयंकर चिडले. पण त्याने ऐकलं नाही. सोबत बंदरांवरचे नियमही आवळले, आणि १९०१ पासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिन्यांचं क्वारंटाइन लागू झालं. १९०२ मध्ये देश रेबीजमुक्त झाला.

आता, सहा महिनेच का? रेबीजचा विषाणू चावलेल्या जागेपासून नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला कधी काही आठवडे लागतात, कधी काही महिने. तोवर कुत्रा एकदम ठणठणीत दिसतो. शेपटी हलवतो, जेवतो, खेळतो. बाहेरून तपासून काही कळत नाही. त्यामुळे सगळ्यात भरवशाची टेस्ट एकच होती: कोंडा आणि वाट बघा. रोग असेल तर बहुतेक वेळा सहा महिन्यांत बाहेर येईल.

हा नियम मोडला की काय होतं, हेही लवकरच कळलं. पहिल्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांनी फ्रान्समधले लाडके कुत्रे लपवून घरी आणले. बिचाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. खंदकात सोबत राहिलेल्या मुक्या जीवाला कोण टाकून येईल? पण १९१८ मध्ये ब्रिटनमध्ये रेबीज परत आला आणि घालवायला १९२२ साल उजाडलं. त्यानंतर सहा महिन्यांचा नियम जवळजवळ पवित्रच होऊन बसला.

पैसेवाल्यांनी पळवाटा शोधल्या. १९६८ मध्ये एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन लंडनला आले, तेव्हा त्यांनी कुत्र्यांसाठी एक अख्खी यॉट भाड्याने घेऊन थेम्स नदीत उभी केली. कुत्र्यांचे पाय ब्रिटनच्या जमिनीला लागले नाहीत, म्हणजे क्वारंटाइन नाही! बाकीच्यांनी काय करायचं? एक तर केनेलचं सहा महिन्यांचं बिल भरायचं, नाहीतर कुत्रा मागे सोडायचा. म्हाताऱ्या कुत्र्याच्या आयुष्यात सहा महिने म्हणजे किती, ते तुम्हीच बघा.

मग १९६९ मध्ये मोठा धक्का बसला. जर्मनीहून आलेला फ्रिट्झ नावाचा कुत्रा सहा महिने पूर्ण करून सुटला आणि थोड्याच दिवसांत सरे परगण्यातल्या कँबर्लीत पिसाळला. आसपासच्या रानातल्या कोल्ह्यांवर आणि इतर प्राण्यांवर बंदुका चालल्या. पुढच्या वर्षी न्यूमार्केटला अशीच दुसरी केस सापडली. १९२२ नंतर क्वारंटाइनमधून सुटून पुढे आलेल्या कुत्र्यांच्या केसेस या दोनच. पण लोक हादरले. सरकारने चौकशी समिती नेमली आणि १९७४ मध्ये खास रेबीज कायदा आला. १९९४ मध्ये चॅनल टनेल सुरू झाला, तेव्हा त्यातून कोल्हे येतील म्हणून प्राणी अडवायची यंत्रणासुद्धा बसवली.

इथे इंजिनियर म्हणून मला सगळ्यात आवडणारा भाग येतो. कोठडी जाऊन तिच्या जागी फाइल आली, ती कुणी दयाळू झालं म्हणून नव्हे. तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली म्हणून.

पहिला प्रश्न, हा कुत्रा तोच आहे कशावरून? पट्टा बदलता येतो, फोटोतले दोन लॅब्रॉडॉर सारखेच दिसतात. उत्तर मिळालं मायक्रोचिपचं. तांदळाच्या दाण्याएवढी चिप, पंधरा आकडी नंबर, आणि १९९६ मध्ये आलेली आयएसओ ११७८४ आणि ११७८५ ही जागतिक मानकं. दुसरा प्रश्न, लस दिली का? त्याचं उत्तर म्हणजे चिपच्या नंबरसकट केलेली नोंद. तिसरा प्रश्न, दिलेली लस लागली का? त्यासाठी रक्ताची टायटर टेस्ट. प्रतिपिंडं मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट भरली पाहिजेत.

म्हणून क्रम असा: आधी चिप, मग लस, मग रक्त. चिपच्या आधी दिलेली लस या हिशोबात धरत नाहीत, कारण ती नेमकी याच कुत्र्याला दिली हे सिद्ध करता येत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर, यूजर आयडी तयार व्हायच्या आधीची एन्ट्री कुणाच्या नावावर टाकणार?

दरम्यान युरोप स्वतःचं अंगण झाडत होता. तिथे रेबीज पसरवायचे ते मुख्यतः कोल्हे. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कोंबडीच्या मुंडक्यांमध्ये लस भरून ती मुंडकी रानात टाकायचा पहिला प्रयोग झाला. कोल्ह्यांनी ती खाल्ली आणि लस पोटात गेली! वीसेक वर्षांत स्वित्झर्लंड रेबीजमुक्त झाला, मागोमाग फ्रान्सही. शेजारी स्वच्छ झाल्यावर कोठडीचं समर्थन करणं अवघड होत गेलं. ब्रिटनमध्ये 'पासपोर्ट्स फॉर पेट्स' नावाची मोहीम चालली. हाँगकाँगचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांच्या व्हिस्की आणि सोडा या कुत्र्यांची नावं पेपरात गाजली. १९९८ मध्ये इयन केनेडी यांच्या समितीने क्वारंटाइन बदला असं सांगितलं आणि २८ फेब्रुवारी २००० पासून ठरावीक देशांतल्या कुत्र्या-मांजरांसाठी पेट ट्रॅव्हल स्कीम सुरू झाली.

पण त्या पहिल्या स्कीममध्येही रक्ताच्या नमुन्यानंतर सहा महिने थांबावं लागायचं. म्हणजे कोठडी गेली, कालावधी राहिला. फरक इतकाच की ते सहा महिने कुत्रा आता आपल्या घरी, आपल्या सोफ्यावर काढणार. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी सुधारणा हीच आहे.

पुढे २००४ मध्ये युरोपियन युनियनने पाळीव प्राण्यांचा निळा पासपोर्ट आणला. २०१२ पासून ब्रिटनही त्याच नियमांवर आला. युरोपातल्या युरोपात फिरायचं तर चिप, लस, एकवीस दिवस, झालं. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून, ब्रिटनमधल्या कुत्र्यांचे हे पासपोर्ट एका रात्रीत युरोपसाठी निकामी झाले, ही वेगळी गंमत.

आणि आपण? भारत युरोपच्या यादीत नाही. जगातले रेबीजचे सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून पुण्यातल्या कुत्र्याला चिप, मग लस, लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त, तेही युरोपने मान्य केलेल्या लॅबमध्ये, आणि रक्त घेतल्यापासून पुढे तीन महिने. शेवटी निघण्याच्या आधीच्या दहा दिवसांत सरकारी आरोग्य प्रमाणपत्र, जे केंद्राच्या प्राणी क्वारंटाइन आणि प्रमाणन सेवेकडून घ्यायचं. तिचं एक केंद्र मुंबईत आहे.

बेरीज करा. चार महिने, ते सुद्धा सगळं जिथल्या तिथे झालं तर. आणि आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांत नोटीस पीरियड असतो नव्वद दिवसांचा! हा जो महिन्याभराचा फरक आहे ना, त्यातच कुत्री मागे राहतात. कुणाचा आई-वडिलांकडे, कुणाचा "तात्पुरता" मित्राकडे, कुणाचा शेल्टरमध्ये. १९१८ च्या सैनिकापुढे होता तोच प्रश्न, फक्त आता हातात ऑफर लेटर.

लोक चिडून म्हणतात, "माझा कुत्रा तर घरातच असतो, त्याची एवढी तपासणी कशाला?" खरंय. पण फाइल जाड होते ती तुमच्या कुत्र्यामुळे नव्हे, आपल्या गल्लीमुळे. आणि गल्ली बदलता येते. गोव्यात हजारो भटक्या कुत्र्यांना पकडून लस दिली गेली, प्रत्येक लसीची नोंद स्मार्टफोन अ‍ॅपवर झाली. २०२१ मध्ये राज्याने स्वतःला रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं, तेव्हा सलग तीन वर्षं तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नव्हता. स्वित्झर्लंडने कोल्ह्यांसाठी केलं, तेच गोव्याने रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी केलं. युरोपच्या यादीत देश जातो, राज्य नाही, त्यामुळे पणजीच्या कुत्र्यालाही सध्या तेच चार महिने लागतात. पण कागद कमी करायचा रस्ता तिकडूनच जातो.

तोवर एक काम करता येईल. परदेशाचा नुसता विचार मनात असला, तरी चिप आत्ता बसवून घ्या, त्यानंतर रेबीजची लस द्या आणि महिन्याने टायटर करून ठेवा. पुढचे बूस्टर एकही दिवस न चुकवता दिले, तर युरोपसाठी तो रिपोर्ट कुत्र्याच्या आयुष्यभर चालतो. मग ऑफर आली की थांबायचे तीन महिने आधीच मागे पडलेले असतात. नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलतातही, तेव्हा जिथे जायचंय तिथल्या सरकारची साइट आधी उघडा, ग्रुपवरचा मेसेज नंतर.

ज्या मित्राच्या घरी कुत्रं किंवा मांजर आहे आणि ज्याच्या लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क' आहे, त्याला हा एपिसोड आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!