वरच्या जबड्यातील दंतरोपणाचा इतिहास आणि घोड-कुकडीचे खोरे

प्रास्ताविक

शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा साधनांचा आणि संशोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ज्या हानीवर उपाय म्हणून शस्त्रक्रिया जन्माला येते, त्या हानीचा इतिहास मात्र मागे राहतो. वरच्या जबड्यातील दंतरोपण व त्यासाठी करावी लागणारी ‘सायनस लिफ्ट’ यांचा विचार प्रस्तुत लेखात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात केला आहे.

निषेधापासून रोपणापर्यंत

सुश्रुतसंहितेत मुखरोग ६५ सांगितले आहेत. त्यांपैकी दातांचे ८, तर दंतमुळांचे, म्हणजे हिरड्यांचे, १५ आहेत. वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये, असा निषेधही तेथे आहे. अतिरक्तस्राव, एका डोळ्याची दृष्टी जाणे आणि अर्दित म्हणजे चेहऱ्याचा पक्षाघात, ही त्याची कारणे होत.

वरच्या दाढांच्या मुळांवर हाडात एक पोकळी असते. इंग्लंडमधील नॅथॅनिएल हायमोर याने १६५१ मध्ये तिचे वर्णन केले आणि सुळा काढताच तिच्यातील पू वाहून गेल्याची एका स्त्रीची हकीकतही नोंदवली. दाढ पडली की तिला धरून ठेवणारे हाड झिजते आणि पोकळीचा तळ खाली सरकतो. परिणामी कित्येकदा काही मिलिमीटरच हाड उरते. स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये टायटॅनियमच्या मुळांवर पहिल्या रुग्णाचे दात बसविले, ते खालच्या जबड्यात. वरच्या जबड्याच्या मागील भागातील अडचण त्यामुळे सुटली नाही. अमेरिकेत हिल्ट टेटम यांनी १९७० च्या दशकात पोकळीचे नाजूक अस्तर उचलून त्याखाली हाड भरण्याची पद्धत विकसित केली. बॉइन आणि जेम्स यांनी १९८० मध्ये तिच्यावरील लेख प्रसिद्ध केला. १९९४ मध्ये समर्स यांनी रोपणाच्या छिद्रातूनच तळ उचलण्याची सौम्य रीत मांडली. भरलेले हाड पक्के होण्यास अनेक महिने लागतात.

खोऱ्यातील साक्ष

घोड नदी आंबेगावच्या सह्याद्रीत उगम पावते. जुन्नरची कुकडीही पुढे तिलाच मिळते. याच घोडच्या काठी, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन केले. तेथील सांगाड्यांच्या दातांचा व जबड्यांचा अभ्यास लुकाक्स आणि वाळिंबे यांनी केला. जिवंतपणी दात पडला तर खोबण हाडाने भरून येते, मृत्यूनंतर पडला तर ती उघडी राहते. या भेदावरून पुरामानवशास्त्रज्ञ दातांच्या हानीचा काळ ओळखतात. ज्या झिजेवर आजची शस्त्रक्रिया उपाय शोधते, तीच झीज त्यांच्या दृष्टीने पुरावा असते.

दुसरी साक्ष अरण्याची आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातील महादेव कोळी समाजासाठी हिरडा हे महत्त्वाचे वनोत्पन्न आहे. ब्रिटिश अमदानीत तो चामडे कमावण्यासाठी परदेशी जात असे. त्रिफळ्यातील हेच फळ आयुर्वेदाने दंतमंजनात व हिरड्यांच्या विकारांत वापरले. मात्र महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांत, भाजलेल्या तंबाखूची मिश्री लावण्याची सवयही रुजली. तंबाखू हिरड्यांचे विकार बळावते आणि रोपण निकामी होण्याचा धोकाही वाढवते.

निष्कर्ष

सुश्रुताचा निषेध आधुनिक शस्त्रक्रियेने मोडला, हे यश निर्विवाद आहे. परंतु सुश्रुताच्या गणनेत दातांपेक्षा दंतमुळांना जे अधिक स्थान होते, त्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही. सायनस लिफ्ट हा हानीच्या साखळीतील अखेरचा आणि महागडा टप्पा आहे. हिरडा वेचून गुजराण करणाऱ्या कुटुंबाला तो क्वचितच परवडेल. मिश्रीची डबी दूर ठेवणे आणि हिरडीचा विकार वेळीच ओळखणे, हा त्याआधीचा टप्पा गावपातळीवर शक्य आहे. दंतवैद्यकाच्या इतिहासाने उचललेल्या हाडाबरोबरच राखलेल्या हाडाचीही नोंद घेतली पाहिजे.